तेरा टेकड्या आणि पाठीमागून येणारा ढग

कात्रज ते सिंहगड या धारेवर नेमक्या टेकड्या किती, यावर पुण्यातल्या दोन ट्रेकर्सचं एकमत होणं कठीण. ‘तेरा’ हा चालू आकडा. पण मधलं एखादं टेकाड वेगळं धरायचं की पुढच्या चढाची पायरी समजायची, हे मोजणाऱ्याच्या गुडघ्यांवर ठरतं. कॉलेजची पोरं तेरा मोजतात, आमच्यासारखे पन्नाशी ओलांडलेले सोळापर्यंत जातात.

वाट चुकण्यासारखी फारशी नाही. जुन्या कात्रज बोगद्याच्या वर वाघजाईचं देऊळ आहे. तिथून चढून धारेवर आलं की पश्चिमेला चालत राहायचं. उजव्या हाताला आधी पुणं आणि मग खडकवासल्याचं पाणी, डाव्या हाताला खेड-शिवापूरचं खोरं, समोर सिंहगडावरचा टॉवर. अंतर पंधराएक किलोमीटर, वेळ सहा ते आठ तास. दमवतं ते अंतर नव्हे. चढून कमावलेली उंची पुढच्याच खिंडीत खर्ची पडते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. उतारांवर सुटा मुरूम, म्हणजे नुसता घसारा. वाटेत भरवशाचं पाणी नाही. म्हणून बरेच जण पौर्णिमेच्या रात्री निघतात. ऊन टळतं आणि टॉवरचा लाल दिवा वाट दाखवतो.

मला मात्र ही धार सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात, दिवसा आवडते. सोनकीने पिवळे झालेले उतार असतात आणि हवा तासातासाला रंग बदलते.

त्यामागचं गणित सोपं आहे. हवा वर चढली की थंड होते. कोरडी असेल तर शंभर मीटरला जवळपास एक अंशाने. हवा ओलसर असेल तर थोडं वर गेल्यावर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात आणि ढग बनतो. दमट वारा डोंगराला अडला की त्याला वर चढणं भाग असतं. म्हणून खाली सिंहगड रोडवर लख्ख ऊन आणि गडाच्या डोक्यावर पांढरी टोपी, असा देखावा पुणेकरांच्या ओळखीचा आहे. खिंडीत तर दोन टेकड्यांमध्ये कोंडलेला वारा इतका भन्नाट सुटतो की टोपी हातात धरावी लागते. भिजलेला सुती सदरा आणि हा वारा एकत्र आले, तर वीस अंशांतही माणूस कुडकुडतो. सह्याद्रीत कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे अनुभवावं.

पण खरी भीती परतीच्या पावसाची. जुलैतला पाऊस दिवसभर भिजवतो, पण गडगडाट त्यात कमी. ऑक्टोबरात जमिनीत ओल असते, दुपारपर्यंत ऊन सडकून तापवतं आणि तापलेली हवा सरळ वर झेपावते. दुपारी दोन-तीनपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंचीचा काळा ढग उभा राहू शकतो. या दिवसांत वरचं वारं बऱ्याचदा पूर्वेकडून वाहतं, त्यामुळे हे ढग पूर्वेकडून सरकत येतात. आपण चालतोय पश्चिमेला, नजर टॉवरवर खिळलेली. म्हणजे ढग येतो तो पाठीमागून.

एका ऑक्टोबरात आमचं असंच झालं. निघायलाच आठ वाजले होते, चूक तिथेच झाली. दुपारी एका खिंडीत बसून डबे सोडले, तर गुरं घेऊन उतरणारे एक मामा थांबले. “कुठं निघालासा?” म्हणाले. “सिंहगडला, मामा.” त्यांनी काठी उचलून आमच्या पाठीमागे दाखवली. “त्यो बघा. आता वर जाऊ नका, माझ्यासंगं खाली चला.” वळून पाहिलं, तर कात्रजच्या बाजूचं आभाळ शाईसारखं झालं होतं. वीज चमकली, मी आकडे मोजले. अठरापर्यंत पोचल्यावर आवाज आला. आवाजाला एक किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात. म्हणजे वीज सहा किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर उघड्या धारेवर थांबायचं नाही, हा साधा नियम. धारेवर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. एकट्या झाडाखाली उभं राहणं त्याहून वाईट.

आमच्यातल्या एकाला उरलेल्या टेकड्या सोडवत नव्हत्या. तासाभराचं तर काम, असं त्याचं म्हणणं. मामा थांबले नाहीत, आम्हीही त्यांच्या मागोमाग निघालो.

या वाटेचा हाच मोठा गुण, आणि तो कुणी सांगत नाही: बऱ्याच खिंडींतून खाली गावाकडे पायवाटा उतरतात. निघण्याआधी त्यांच्या खुणा नकाशावर करून ठेवाव्यात, शक्यतो माहीतगार माणूस सोबत घ्यावा. पहाटे पाचला चालायला लागावं, बारापर्यंत गड गाठावा. प्रत्येक माथ्यावर एकदा मागे वळून आभाळ पाहावं.

आम्ही पाऊण तासात खालच्या रस्त्याला लागलो, तोवर वरची धार पावसात दिसेनाशी झाली होती. त्या दिवशी नऊ टेकड्या झाल्या. उरलेल्या डिसेंबरात केल्या.