बंदुकीचा बार न उडाल्यास काय करावें ?

भाताच्या लोंब्या भरूं लागल्या म्हणजे पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतील शेतकऱ्यांस रात्रीची स्वस्थ झोप उरत नाहीं. रानडुकरांचा कळप एकदां खाचरांत शिरला कीं, खातो त्याहून अधिक तुडवितो. आणि इंद्रायणीसारख्या चांगल्या भावाच्या भातावरील चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत मातीस मिळते. यास्तव कांहीं खातेदारांनीं पीकरक्षणासाठीं परवान्याची बंदूक ठेविलेली असते. ती कशी झाडावी हें त्यांस ठाऊक असतें. परंतु चाप ओढूनही ती झडली नाहीं तर काय करावें, हें ठाऊक असणारे थोडे. खरा धोका त्याच घटकेस असतो, म्हणून तेवढ्याच विषयाचा येथें विचार केला आहे.

कचेरींत नोकरीस असतां अशा एका अपघाताचे कागद आमच्या नजरेखालून गेले. रात्रीं माळ्यावर राखणीस बसलेल्या एका शेतकऱ्यानें बार काढला, तो नेहमींसारखा न होतां नुसता फुसका आवाज झाला. काडतूस वाईट निघालें असें समजून त्यानें दुसरें भरलें व लागलीच चाप ओढला. नळी फाटली आणि डाव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. पहिल्या काडतुसांतील बूच व छर्रे नळींतच अडकून राहिले होते. बंदूक चांगली होती, दुसरें काडतूसही चांगलें होतें. चूक काय ती घाईची.

बार कसा होतो हें समजलें म्हणजे तो कां बिघडतो हेंही समजतें. घोडा पडला कीं सुई काडतुसाच्या बुडावरील टोपीवर आपटते; टोपींतील मसाला पेटून त्याची ज्वाळा दारूस लागते; आणि दारूच्या वायूनें बूच व छर्रे नळींतून बाहेर ढकलले जातात. यांत बिघाडाचे तीन प्रकार संभवतात. पहिला, बार मुळींच न उडणें. दुसरा, बार उशिरां उडणें. टोपी पेटते, परंतु दारू सर्दलेली असल्यामुळें कांहीं वेळ नुसती धुमसते व मग एकाएकीं उडते. तिसरा, बार फुसका जाणें. चाप ओढल्यावर आवाज झाला नाहीं, तर पहिला प्रकार कीं दुसरा हें बाहेरून कळत नाहीं. म्हणून प्रत्येक वेळीं दुसराच आहे असें मानून वागावें. तें येणेंप्रमाणें :

(१) बंदूक खांद्यावरून काढण्याची घाई करूं नये. नळीचें तोंड निर्धोक दिशेसच, जेथें माणूस, गुरें अथवा घर नाहीं तेथेंच, ठेवावें. तोंडांत डोकावून पाहूं नये.

(२) सावकाश साठ अंक मोजावे. तोंवर बंदूक उघडूं नये. उघड्या बंदुकींत काडतूस उडाल्यास तें मागें, चेहऱ्याकडे येतें.

(३) मग चेहरा बाजूस ठेवून बंदूक उघडावी, काडतूस काढून वेगळें ठेवावें व तें पुन्हां भरूं नये.

(४) आवाज किंवा धक्का नेहमींपेक्षां थोडासाही कमी वाटला, तर बंदूक रिकामी करून मागील बाजूनें नळींत उजेड पाहावा. आरपार उजेड दिसला नाहीं, तर त्या रात्रीं दुसरा बार नाहीं हें निश्चित समजावें. अडकलेला पदार्थ दुसऱ्या काडतुसानें उडविण्याचा यत्न म्हणजे नळी फोडण्याचा यत्न होय. बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्यावी.

दोष कोणाचा हें काढलेल्या काडतुसाच्या टोपीवरून ओळखतां येतें. टोपीवर खोल खळगी असेल, तर सुईनें आपलें काम केलें, दोष काडतुसाचा. खळगी उथळ असेल, तर सुई झिजली, कमान सैल झाली, अथवा जुनें तेल व गंज यांमुळें घोडा जड झाला असें समजावें. मग नवीं काडतुसें घेऊन उपयोग नाहीं.

ठासणीच्या बंदुकीस अधिक सबुरी हवी. टोपी उडून बार न झाल्यास निदान दोन मिनिटें थांबावें. मग तोंड दूर ठेवूनच नवी टोपी लावून पाहावी. तरीही न उडाल्यास गज घालून ठासणी उकरूं नये. टोपी काढून नळींत भरपूर पाणी सोडावें व बराच वेळ राहूं द्यावें. भिजलेली काळी दारू पेट घेत नाहीं; मात्र वाळली कीं पुन्हां घेते, म्हणून ती कारागिराकडून लवकर काढवावी.

मावळांत सैन्यांतून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. इशापूरच्या कारखान्यांत बनलेली ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल त्यांपैकीं कित्येकांनीं वापरलेली आहे. तींत एका गोळीच्या वायूनेंच रिकामें काडतूस बाहेर पडून दुसरें आंत जातें. गोळी फुसकी गेली तर तो जोर पुरत नाहीं व यंत्र अर्ध्यावर थांबतें. अशा वेळीं मूठ ओढून पुढची गोळी भरली व आधींची नळींतच अडकलेली असली, तर वर सांगितलेलाच अनर्थ होतो. आधीं मॅगझीन काढावें, मूठ मागें धरावी, नळी मोकळी आहे हें पाहावें व मगच पुढें जावें. समोर शत्रू असतां त्वरा करावी लागते. डुकर एक रात्र निसटलें तरी चालतें.

आणखी एक गोष्ट. बोअरचा आंकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद. वीस बोअरचें काडतूस बारा बोअरच्या बंदुकींत टाकल्यास पुढें घसरून नळींत अडकतें, आणि त्याच्या मागें बाराचें काडतूस सहज बसतें. परिणाम सांगावयास नको. म्हणूनच वीसचीं काडतुसें बहुधा पिवळीं करतात. अंधारांत रंग दिसत नाहीं. दोन्ही प्रकार एका पिशवींत ठेवूं नयेत.

आमच्याकडे काडतुसें बिघडतात तीं मुख्यत्वें हवेनें. लोणावळ्यास वर्षाला सुमारें चार हजार मिलिमीटर व कधीं त्याहूनही अधिक पाऊस पडतो. खडकीचा १८६९ सालचा जुना कारखाना असो कीं दुसरा कोणताही, चांगलें काडतूसही दमट घरांत टिकत नाहीं. तें घट्ट झांकणाच्या डब्यांत, कोरड्या जागीं, कुलुपांत ठेवावें. चुलीवरच्या पोटमाळ्यावर ठेवूं नये. काडतुसास तेल लावूं नये. तें टोपींत झिरपून मसाला निकामी करतें. फुगलेलें किंवा हिरवा गंज चढलेलें काडतूस भरूंच नये. निकामी काडतुसें चुलींत वा उकिरड्यावर न टाकतां परवानाधारक दुकानदारास विचारून त्यांची व्यवस्था लावावी. मुलांच्या हातीं तीं पडतां कामा नयेत.

शेवटीं कायद्याविषयीं दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास निदान वीस इंच लांब व गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. तथापि बंदुकीचा परवाना म्हणजे डुकर मारण्याची परवानगी नव्हे. ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें वनखात्याकडून लेखी व निराळी घ्यावी लागते.

गेलेलें भात पुढल्या वर्षीं पुन्हां पिकतें. गेलेलीं बोटें पुन्हां येत नाहींत. राखणीस जाणाऱ्या घरच्या मुलांस साठ अंक मोजण्याची संवय सुगीपूर्वींच लावून ठेवावी, एवढीच विनंति.