उतरताना उपकरण बिघडलं तर?

विमान उतरत असताना दिशादर्शक उपकरण बिघडलं की अपघात ठरलेलाच, असं अनेकांना वाटतं. ११ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीहून न्यूयॉर्कला गेलेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७७७ मध्ये ३७० प्रवासी होते. खाली ढग दाटलेले, इंधन कमी होत चाललेलं आणि धावपट्टीची दिशा व उतार दाखवणाऱ्या आयएलएसचे संदेश घेणारे विमानातले रिसीव्हर निकामी. वैमानिकांनी विमान जवळच्या नेवार्कला नेलं आणि आयएलएसशिवाय सुखरूप उतरवलं. अशा लँडिंगच्या पद्धती ठरलेल्या असतात आणि त्यांचा सराव सिम्युलेटरमध्ये होतो.

विमान आपोआप उतरतं, वैमानिक नुसते बसून असतात, हाही गैरसमजच. ऑटोलँड मुख्यतः दाट धुक्यासाठी असतं; एरवी शेवटचा टप्पा वैमानिक बहुधा हातानेच पार पाडतात.

पण सगळ्यात घातक समज वेगळाच आहे: बिघाड झाला की दिवा लागतो, इशारा वाजतो, शिवाय जोडीला दुसरं उपकरण असतंच. बंद पडलेल्या उपकरणाची मला तेवढी धास्ती वाटत नाही. चालू राहून चुकीचं सांगणारं उपकरण जास्त वाईट.

२५ फेब्रुवारी २००९. इस्तंबूलहून आलेलं टर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७ ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरत होतं. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या दोन रेडिओ अल्टीमीटरपैकी डावा उणे ८ फूट दाखवत होता. विमान तेव्हा सुमारे दोन हजार फुटांवर होतं. इंजिनांचा जोर सांभाळणारा ऑटोथ्रॉटल नेमका डाव्याच अल्टीमीटरवर अवलंबून. विमान टेकतंय असं धरून त्याने जोर अगदी कमी केला. उजवा अल्टीमीटर बरोबर होता, पण त्यावर चालणारा ऑटोपायलट उताराची रेषा सोडायला तयार नव्हता. तो नाक वर उचलत राहिला आणि वेग घटत गेला. इशारा वाजला होता, पण तो चाकांसाठी. विमान रेषेच्या वरून खाली येत असल्याने इंजिनं मंद असणंही वावगं वाटलं नाही. कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते. ४६० फुटांवर स्टॉलचा, म्हणजे वेग घटून पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा आला, पण विमान सावरलं गेलं नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात कोसळलं. १३५ पैकी ९ जण गेले, त्यांत तिघेही वैमानिक.

तपासात कळलं की त्याच विमानात हाच दोष आधीच्या आठ उड्डाणांत दोनदा दिसला होता. दोन्ही वेळा वैमानिकांनी वेळीच हात घातला आणि विमान नीट उतरलं. म्हणून सगळा दोष उपकरणावर टाकणं किंवा सगळा माणसांवर टाकणं, दोन्ही मला अपुरं वाटतं.

चुकीचं सांगणारं उपकरण वेळीच ओळखताही येतं. सामोआतल्या आपियाजवळ २९ जुलै २००० च्या रात्री एअर न्यूझीलंडच्या बोइंग ७६७ ला आयएलएसच्या जमिनीवरच्या यंत्रणेतून चुकीचा संदेश मिळत होता. उताराचा काटा बरोबर मध्यभागी, बिघाडाची खूण कुठेच नाही. पण प्रत्येक सागरी मैलाला साधारण ३०० फूट, हा हिशोब वैमानिकांना पाठ असतो. धावपट्टी सुमारे साडेपाच सागरी मैल दूर होती, म्हणजे विमान १,७०० फुटांच्या आसपास असायला हवं होतं. ते ४०० फुटांखाली आलं होतं. अंतर, उंची आणि बाहेरचे दिवे जुळत नाहीत हे लक्षात येताच त्यांनी विमान पुन्हा वर नेलं. नंतर ते सगळ्या प्रवाशांसह सुखरूप उतरलं.

असं उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याला गो-अराउंड म्हणतात. मुंबईच्या पावसात तुमचं विमान धावपट्टीजवळ येऊन अचानक गर्जत वर गेलं, तर वैमानिक चुकला असं समजू नका. काहीतरी जुळत नसताना घ्यायचा तोच योग्य निर्णय आहे.