जंताची गोळी आणि वावरातलं खत

चिखली तालुक्यातलं उंद्री घ्या, नाहीतर आजूबाजूची कुठलीही जिल्हा परिषद शाळा. जंतनाशक दिनाचा थाट सगळीकडे सारखाच. पोराला उपाशी पाठवू नका, असा निरोप आदल्या दिवशी घरोघरी जातो. खिचडी उरकली की पोरं ओळीत बसतात आणि गुरुजी किंवा आशाताई एकेकाच्या हातावर गोळी ठेवतात. ती समोरच चावून खायची, वर पाणी प्यायचं. घरी न्यायला गोळी मिळत नाही, आणि हा नियम शहाणपणाचा आहे. दप्तरात गेलेली गोळी पोटात पोचेलच, याची हमी कोण देणार? ताप असलेल्या पोराला मात्र त्या दिवशी वगळतात.

गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी, चुरून. १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना ती देण्याची ही राष्ट्रीय मोहीम फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. ठरलेल्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. कधी मागेपुढे होतात. औषध जंताला साखर शोषू देत नाही. तो उपाशी मरतो आणि शौचावाटे पडतो. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला थोडं मळमळतं, पोट दुखतं. त्यावरून गावात 'गोळीनं पोरं आजारी पडली' अशी आवई उठते, आणि पुढच्या खेपेला निम्मे पालक कुरकुरतात.

पण वर्षातून दोनदा कशाला? उत्तर जंताच्या संसारात आहे. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ताजं अंडं निरुपद्रवी असतं. ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे काढल्यावर ते बाधणारं होतं. मग नखात अडकून, न धुतलेल्या मुळ्या-कोथिंबिरीवरून ते पोटात जातं. अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, फुप्फुसात पोचते, तिथून घशाशी चढते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. एवढ्या प्रवासानंतर दोन-अडीच महिन्यांत नवी मादी अंडी घालायला तयार. म्हणजे फेब्रुवारीत पोट साफ झालेल्या पोराने त्याच आठवड्यात असं अंडं गिळलं, तर मे महिन्यापर्यंत त्याच्या पोटात पुन्हा वस्ती. गोळी म्हणजे लस नव्हे.

अंकुशकृमीची तऱ्हा वेगळी. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. आधीच रक्त कमी असलेल्या मुलीला हे महागात पडतं.

गूळ-साखर खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत अजून टिकून आहे. तिच्यापायी किती पोरांच्या हातातला गुळाचा खडा हिसकावला गेला असेल! अंडं पोटात गेल्याशिवाय गोलकृमी होत नाही, मग गूळ खा की कारलं. आजीच्या वावडिंगाबद्दल वाईट बोलायची माझी इच्छा नाही, पण मोजून दिलेल्या गोळीची जागा ते घेणार नाही.

खरी गोम उकिरड्यात आहे. शौचालयं झाली, मोठी माणसं ती वापरू लागली. पण तान्ह्याची आणि रांगत्या पोराची शी? ती फडक्यात गुंडाळून किंवा खापरावर घेऊन कित्येक घरांत अजून उकिरड्यावरच जाते. लहान पोराच्या शीला काही होत नाही, असं आयाबाया सहज म्हणतात. जंत मात्र वय बघत नाहीत. उन्हाळ्यात तो उकिरडा उपसून खत वावरात पडतं. वरवरच्या उन्हात अंकुशकृमीची नाजूक अळी वाळून मरते. गोलकृमीचं अंडं जाड कवचाचं, ते सावलीत-ओलीत वर्षानुवर्षं तग धरू शकतं. नीट कुजून आतून तापलेलं खत ही अंडी मारतं, पण पेरणीच्या घाईत तेवढी सवड किती जणांना असते? मग जूनचा पाऊस पडतो, माती ओली होते आणि त्याच वावरात पोरं अनवाणी, मातीच्या हाताने भाकर खातात.

सगळ्यांना सरसकट गोळी दिल्याने वजन किंवा अभ्यास सरासरीने किती सुधारतो, यावर संशोधकांत वाद आहे. केनियातल्या शाळांच्या गाजलेल्या अभ्यासात गैरहजेरी एक चतुर्थांशाने घटली होती. पुढच्या आढाव्यांनी त्या उत्साहावर पाणी ओतलं. माझ्या मते गोळी द्यावीच. ती स्वस्त आहे, सुरक्षित आहे. पण शाळेच्या नळाला पाणी नसताना ती देणं म्हणजे अर्धंच काम.

राहता राहिली ती गोळीच्या रांगेत नसणारी पोरं. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. १० फेब्रुवारी बरोब्बर त्याच्या मधोमध येते. आईबापांसोबत फडावर गेलेलं पोर त्या दिवशी गावच्या हजेरीपटावर असतं, शाळेत नसतं. आठवड्याभराने राहिलेल्यांसाठी पुन्हा गोळी देतात, तेव्हाही ते पाचटाच्या कोपीतच असतं. फडाजवळच्या अंगणवाडीने किंवा शाळेने बोलावून दिली तर ठीक, नाहीतर त्याची गोळी थेट ऑगस्टात.