हंडीतल्या माणसाला डोंगर चढणे जड का जाते?



मोबाईलवर 'गेटिंग ओव्हर इट' नावाचा एक खेळ आहे. मला तो दादाच्या फोनवर खेळायला मिळाला. त्यात गोळ्या मारायच्या नाहीत की गाड्या पळवायच्या नाहीत. फक्त एक डोंगर चढायचा. तरीसुद्धा भलेभले रडकुंडीला येतात. असे का होते, ते मी आज सांगणार आहे.

हा खेळ बेनेट फॉडी या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या माणसाने २०१७ साली काढला. खेळातला माणूस कमरेपर्यंत लोखंडी हंडीत बसलेला आहे. त्याचे पाय दिसतच नाहीत. हातात लांब दांड्याचा हातोडा. त्याचे नाव डायोजेनिस. याच नावाचा एक तत्त्वज्ञ पूर्वी ग्रीस देशात होऊन गेला, तो मोठ्या रांजणात राहत असे म्हणतात. आपण बोट फिरवायचे, तसा हातोडा फिरतो. तो दगडात अडकवून हंडीसकट वर जायचे. बस्स, एवढेच!

फॉडी यांना असे अवघड खेळ काढायची हौसच आहे. २००८ च्या त्यांच्या 'क्वॉप' या खेळात धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या चार वेगवेगळ्या कळांनी हलवाव्या लागतात. २०११ च्या 'गर्प' मध्ये कडा चढायचा असतो. कड्यावरच्या प्रत्येक कडीला एक अक्षर आहे. ती कळ दाबून धरली तर पकड राहते, सोडली की सुटते.

आता हंडीवाल्याची अडचण पाहू.

पहिली गोष्ट, हातोड्याचा लांब दांडा. आपण आकडीने चिंचा पाडतो ना? बांबू बुडाशी धरून मनगट जरासे हलवले, तर वरचे टोक या फांदीवरून थेट त्या फांदीवर जाते. आपला हात वीतभर हलतो, टोक मात्र हातभर. हातोड्याचेही तसेच. बोट थोडे जास्त सरकले की हातोडा जोरात फिरतो आणि गडी भलतीकडेच उडतो.

दुसरी गोष्ट न्यूटनने १६८७ साली सांगून ठेवली आहे. आपण जेवढ्या जोराने ढकलू, तेवढ्याच जोराने उलट ढकलले जातो. हातोडा खाली दाबला की दगड माणसाला वर ढकलतो. पण तिरका दाबला तर तोही तिरकाच ढकलला जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे मध्ये कुठे सुरक्षित टप्पा नाही. पडलात तर जिथे अडकाल तिथून पुन्हा चढा. वर एके ठिकाणी तर साप आहे, त्याला धरले की गडी थेट तळाला! आपल्या जुन्या मोक्षपटातही साप खाली नेतोच. तो खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन सापशिडी झाला. पण तिथे कवड्या किंवा फासे ठरवतात, इथे आपलाच हात ठरवतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती मला मामांमुळे कळली. माझे मामा आंबे-जांभळे उतरवायला झाडावर चढतात. त्यांचा नियम असा, "तीन घट्ट, एक मोकळा." म्हणजे दोन हात नि दोन पाय यांतले तीन पक्के असतील, तरच चौथा उचलायचा. कडे चढणारे गिर्यारोहकसुद्धा हाच नियम पाळतात. आपल्या वाशिंदजवळच्या वजीर सुळक्यावर चढणारे तर शिवाय दोरही लावतात. हंडीतल्या बिचाऱ्याला हा नियम पाळताच येत नाही. त्याला आधार एकच, हातोडा. तो उचलला की उरते हंडी, आणि हंडीला ना बोटे ना टाचा. उतारावर ती घसरणारच.

आणखी एक फरक आहे. झाडावर पाय सटकायच्या आधी तळव्याला कळते. साल ओली आहे, फांदी करकरते आहे, हे हातापायांना समजते. फोनची काच मात्र दगडावरही गुळगुळीत आणि पिंपावरही गुळगुळीत. बोटाला काहीच कळत नाही, सगळे डोळ्यांनी पाहावे लागते.

पण एवढा नियम पाळणारे मामासुद्धा पडले. दोन वर्षांमागे पावसाच्या तोंडावर ते जांभळावर चढले होते. जांभळाची फांदी ठिसूळ, ती पायाखालीच मोडली. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये. त्या वर्षी भाताची लावणी मामी आणि आईनेच उरकली. अजूनही बांधावरून चालताना मामा एक पाय जपून टाकतात. हंडीतला माणूस माहुलीच्या सुमारे २८०० फुटांवरून पडला तरी लगेच हातोडा उचलेल. त्याच्या घरी कुणाची लावणी अडत नाही.

म्हणून हा खेळ वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पुन्हा पुन्हा पडून हात कसा बसतो, ते त्यात छान कळते. पडायचे ते तिथे खुशाल पडा. झाडावर आणि गडावर मात्र तीन घट्ट, एक मोकळा. आणि पहिला पाऊस झाला की जांभळे खालूनच, आकडीने पाडा.

— इयत्ता सातवी