तुरुंगातला माणूस आणि त्याच्या तब्येतीचा कागद

मंडळी, नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. इथं दर्शनाला येणाऱ्या एखाद्या माउलीचा मुलगा बीडच्या कारागृहात असू शकतो. तो आत आजारी आहे की बरा, हे तिला भेट होईपर्यंत कळत नाही. आज आपण हा विषय तिच्या बाजूने समजून घेऊ.

आपल्या देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी असतात, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो. बाहेर आपण डॉक्टर बदलतो, मेडिकलमधून गोळी आणतो. आत प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याची परवानगी लागते. तळोजा तुरुंगातल्या फादर स्टॅन स्वामींना कंपवात होता, वय ८३. पेला हातात धरवेना, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी नळी आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज केला. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा निकाल लागायच्या आतच ते गेले.

आता आपल्या शेजारच्या परभणीचं बघू. डिसेंबर २०२४ मधल्या हिंसाचारानंतर सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याला अटक झाली. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. विधानसभेत श्वसनाच्या आजाराचं कारण सांगितलं गेलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अंगावरच्या अनेक जखमांची नोंद होती. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. आई उच्च न्यायालयात गेली, ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. गुन्हा नोंदवला म्हणजे दोष सिद्ध झाला असं होत नाही. पण डॉक्टरांनी जखमा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून त्या आईच्या हातात काहीतरी होतं.

म्हणून आपण कागद ओळखायला शिकलं पाहिजे. पहिला कागद अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा. त्याची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. दुसरा तुरुंगात पाऊल टाकल्यावरच्या तपासणीचा. प्रकृती कशी आहे, अंगावर जखमा, वळ आहेत का, हे डॉक्टरने लिहायचं, हा नियम १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून चालत आला आहे. मृत्यू झालाच तर तिसरा कागद शवविच्छेदनाचा. अशा वेळी २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवायचं असतं, आणि कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते.

माहिती दडवली जातेय असं वाटलं तर? माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर माहिती अधिकारात ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात हे कारण स्पष्ट लिहा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि आपला माणूस कोर्टात उभा राहील तेव्हा दुखणं असो की मारहाण, न्यायाधीशांना तिथंच तोंडाने सांगायला त्याला सांगून ठेवा. सांगितलेलं नोंदवून घ्या, अशी विनंती वकिलाने करायची.

या चर्चेत लोक विचारतात, गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला? कोर्ट शिक्षा देतं ती कैदेची. औषधाविना मरण्याची शिक्षा कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. घरातलं कुणी आत असेल, तर पुढच्या भेटीत जेवणाबरोबर एवढं जरूर विचारा: डॉक्टरने तपासलं का, आणि लिहून घेतलं का?