पडता येणं हीसुद्धा ताकदच

ज्युदोच्या वर्गात नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणाला उचलून आपटायला शिकवत नाहीत, स्वतः पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे, पाठ गोल, अंग कडक न करता बाजूवर लोळत जायचं आणि हाताने मॅटवर सपकन चापट मारायची. जपानीत याला ‘उकेमी’ म्हणतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची शाळा सुरू केली. तिथल्या विद्यार्थ्याला रोज पडायचं असे आणि रोज धडधाकट घरी जायचं असे. त्यामुळे पडण्याचं शास्त्र आलंच.

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली वैयक्तिक प्रशिक्षक ‘मार्शल आर्ट्स’ आणि ‘फंक्शनल ट्रेनिंग’ यांची सांगड घालून शिकवू लागले आहेत. तासाभरात थोडं किक-बॉक्सिंग, थोडी ज्युदोची लोळण, मग केटलबेल आणि हातात वजन घेऊन चालणं. जाहिरातीत भर असतो तो कॅलरी जाळण्यावर. कॅलरी जिना चढूनही जळतात. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला या मिश्रणातून जे मिळू शकतं ते वेगळंच आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला ठेच लागली, तर तोल सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात दुसरा पाय पुढे पडावा लागतो आणि त्या एका पायाने झोकांडी खाल्लेल्या अख्ख्या शरीराचं वजन थोपवावं लागतं. पहिलं काम वेगाचं, दुसरं ताकदीचं. वय वाढतं तशी स्नायूंची ताकद घटते हे आपण ऐकून असतो, पण वेगाने जोर लावण्याची क्षमता त्याहून लवकर घटते. स्नायूंमध्ये संथ काम करणारे आणि झटक्यात आकुंचन पावणारे असे दोन्ही तंतू असतात. उतारवयात जास्त बारीक होतात ते दुसरे. नेमाने तासभर फिरायला जाणाऱ्यांचेही होतात, कारण चालताना त्या तंतूंना फारसं कामच पडत नाही.

मार्शल आर्ट्सचा उपयोग इथे आहे. लाथ मारायची म्हणजे क्षणभर एका पायावर उभं राहायचं. ठोसा दंडातून निघतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो तळपायाने जमीन रेटल्यावर कंबरेच्या वळणातून खांद्यापर्यंत येतो. समोरच्याने हात उगारला की मागे-बाजूला चटकन पाऊल टाकायचं, हा सराव तर ठेच लागल्यावरच्या पावलाचीच तालीम. पण पाऊल वेळेवर पडलं आणि मांडीत बळ नसलं, तर गुडघा दुमडतो आणि माणूस पडतोच. म्हणून जोडीला बैठका हव्यात, जमिनीवरचं वजन पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकून उचलणं हवं, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या धरून चालणं हवं.

आपल्याकडच्या तालमीत हे सगळं होतंच. जोर, बैठका, मुद्गल फिरवणं, करेला, फावड्याने हौद्यातली माती खणणं आणि मग कुस्ती. याला फंक्शनल ट्रेनिंग म्हणतात, हे वस्तादांना कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

याचे पुरावेही आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढच्या ६७० जणांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ताई-ची या चिनी युद्धकलेवर बेतलेला व्यायाम २४ आठवडे करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी भरलं. त्याआधी २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ज्युदो येणाऱ्यांना गुडघ्यांवरून बाजूला पडायला सांगितलं. हात टेकून पडण्यापेक्षा लोळत पडताना खुब्यावरचा आघात जवळपास पाव हिश्शाने कमी होता. आपल्या घरातल्या आजी-आजोबांचा खुबा मोडला की पुढचे महिने कसे जातात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

एवढं वाचून कुणी घरातल्या फरशीवर लोळण घ्यायला जाऊ नये. उकेमी जाड मॅटवर, आधी बसून, मग उकिडवं राहून आणि शेवटी उभ्याने शिकायची असते, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. हाडं ठिसूळ झाली असतील, तर ती शिकायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. जुना मधुमेह असेल, तर तळपायाची संवेदना आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. रक्तदाब आटोक्यात नसताना श्वास रोखून वजन उचलू नये. आणि डोक्यावर ठोसे खाण्याची तर कुणालाच गरज नाही, तंदुरुस्तीसाठी येणाऱ्याला प्रत्यक्ष लढत कशाला हवी?

प्रशिक्षक जाणता आहे की नाही, हे तो तासाची मांडणी कशी करतो यावरून बरंचसं कळतं. पावलांचं काम, तोल, वेग हे अंग ताजं असताना, ताकदीचा व्यायाम त्यानंतर आणि दमवणारं काही असेल तर अगदी शेवटी. आधी घाम काढून, पाय लटपटत असताना उड्या आणि उंच लाथा मारायला लावणारा शिक्षक गुडघ्यांचे दवाखाने चालवतो. आखडलेल्या कंबरेने डोक्याएवढी लाथ मारण्याचा हट्टही तसाच. गुडघ्याच्या उंचीची लाथ, पण पाय खाली ठेवताना तोल जाऊ न देणारी, ही पन्नाशीतल्या माणसाला जास्त कामाची.

पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सुरुवात कुठून करायची असेल, तर मॅटवर पाठीवर आडवं व्हायचं आणि उठून उभं राहायचं. हाताचा आधार लागला तर घ्यायचा. पाच वेळा जमलं की पुढच्या आठवड्यात एकच हात टेकायचा. अनेकांना पहिल्याच दिवशी लक्षात येतं, की आपण जमिनीवर शेवटचं कधी बसलो होतो तेच आठवत नाही.