प्रकाशाची काठी आणि सदर बाजार

रायपूरचा सदर बाजार ही सराफांची पेठ. काचेची दारे, दुकानांपुढे लावलेल्या दुचाक्या, गिऱ्हाइकांची वर्दळ आणि वर मध्य भारताचे ऊन. दृष्टिहीनांसाठी प्रकाशावर चालणारे, अंगावर घालायचे मार्गदर्शक यंत्र जो कोणी बनवत असेल, त्याने परीक्षा अशाच ठिकाणी द्यावी, असे मला वाटते.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. छातीवरच्या पट्ट्यातून किंवा चष्म्यातून अवरक्त प्रकाश सोडायचा, तो अडथळ्यावरून परतण्यास लागलेला वेळ मोजायचा आणि अंतर कंपनाने कळवायचे. तीन मीटरवरून प्रकाश सुमारे 20 नॅनोसेकंदांत परततो. एवढा सूक्ष्म काळ मोजणाऱ्या चिप आता मोबाइलमध्येही असतात.

अडचण बाजारात सुरू होते. उन्हातही अवरक्त किरण असतात. भर दुपारी यंत्राचा क्षीण प्रकाश त्यांत हरवतो. काचेतून तो बराचसा आरपार जातो, त्यामुळे बंद दार मोकळी वाट भासू शकते. समोर रोखलेल्या किरणाला पायाशी असलेले उघडे गटार दिसत नाही.

आयआयटी दिल्लीने विकसित केलेली, 2014 मध्ये आलेली ‘स्मार्टकेन’ येथे बोधप्रद ठरते. ती ध्वनिलहरी वापरते; त्यांना उन्हाची बाधा नाही आणि काचेवरून त्या परततात. शिवाय तिने पांढरी काठी काढून घेतली नाही. उपकरण तिच्याच मुठीवर बसवले. गुडघ्यावरचे अडथळे यंत्राने टिपायचे, खालचे काठीने. प्रकाशाचा गुण वेगळा: अरुंद झोतामुळे दोन वस्तूंमधली फट तो अधिक नेमकी दाखवतो. म्हणून प्रकाशयंत्र हे काठीला पूरकच असावे.

2011 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या सुमारे 50 लाख व्यक्तींची नोंद झाली. सहायक उपकरणांसाठी केंद्राची ‘एडिप’ योजना आहे. तिच्यातून असे यंत्र घेण्यापूर्वी दृष्टिहीन व्यक्तींनी भरबाजारात केलेली चाचणी सक्तीची व्हावी.

तरीही यंत्र रस्त्याला पर्याय नाही. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 शी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी ठरवले आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक निकष आखण्यास सांगितले. पदपथावरची दुचाकी यंत्र ओळखेल. ती हटवण्याचे काम मात्र शासनयंत्रणेचेच आहे.